काँक्रीट मिश्रण संयंत्र
सिमेंट, वाळू, खडी, पाणी आणि आवश्यक ती रसायने ठरीव वजनी प्रमाणात मोजून त्यांचे एकजीव मिश्रण तयार करणारी यंत्रसामग्री. लहान बांधकामांवर माल घमेल्यांनी मोजून टाकण्याची पद्धत असते. ओलसर वाळू फुगते व त्याच घमेल्यात ती कमी भरते, त्यामुळे अशा मापात प्रत्येक घाण्यागणिक फरक पडतो. संयंत्रात माल वजनाने मोजला जात असल्याने हा फरक बराच कमी होतो. तथापि मोजमापातील चूक ताज्या काँक्रीटमध्ये सहसा दिसून येत नाही. २८ दिवसांनी घनाकृती नमुने फोडल्यावर ती कळते, तोवर त्या भागावर पुढील बांधकाम चढलेले असते. म्हणून संयंत्राच्या चालनात दक्षतेला विशेष महत्त्व आहे.

तयार काँक्रीट पुरविण्याच्या पद्धतीचे एकस्व जर्मनीत १९०३ मध्ये देण्यात आले. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे १९१३ मध्ये असे काँक्रीट कामावर पोहोचविण्यात आले. महाराष्ट्रात २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यांसाठी अशी संयंत्रे अपरिहार्य ठरली. हिंगोली जिल्ह्यातून अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग जातो. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात उभारावयाच्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या परस्परांस काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या आहेत. एवढ्या लांबीच्या कामात काँक्रीट सर्वत्र एकसारखे असावे लागते.

रचना व कार्य : वाळू व निरनिराळ्या आकारांची खडी स्वतंत्र कप्प्यांत साठवितात. सिमेंट उंच, बंद पोलादी सायलोत असते व मळसूत्री वाहकाने ते वजनकाट्यात येते. कप्पे व काटे लोड सेलवर टेकलेले असतात. भारामुळे लोड सेलमध्ये सूक्ष्म विरूपण होते. त्याचे विद्युत् संकेतात रूपांतर होऊन नियंत्रण कक्षात वजन दिसते. मोजलेला माल वाहक पट्ट्याने किंवा उचल-डोलाने मिश्रकात जातो. यंत्राच्या प्रकारानुसार मिश्रणास सुमारे अर्धे ते दोन मिनिटे लागतात.

मापन व जलांश : भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार मापन उपकरणांची अचूकता सिमेंटसाठी ±२ टक्क्यांच्या आत आणि खडी-वाळू, पाणी व रसायने यांसाठी ±३ टक्क्यांच्या आत असावी लागते. काटा अचूक असूनही सर्वाधिक चूक वाळूतील पाण्यामुळे होते. उदा., एका घ.मी. काँक्रीटसाठी ३५० किग्रॅ. सिमेंट, १७५ लि. पाणी व ७०० किग्रॅ. वाळू योजली असल्यास पाणी-सिमेंट गुणोत्तर ०·५० येते. वाळूच्या पृष्ठभागावर ५ टक्के पाणी असून ते विचारात न घेतल्यास सु. ३३ लि. जादा पाणी मिश्रणात जाते, गुणोत्तर ०·५९ होते व बल लक्षणीयरीत्या घटते. शिवाय वाळूही तितकीच कमी पडते. पावसाळ्यात उघड्या ढिगाचा तळ व माथा यांतील ओलावा वेगवेगळा असतो. म्हणून दर पाळीच्या आरंभी व पाऊस पडून गेल्यावर जलांश पाहून पाणी आणि वाळू यांची मापे बदलावी लागतात. ढिगाखाली काँक्रीटची उतरती फरशी करून वर छप्पर घातल्यास हा फरक कमी होतो.

उन्हाळ्यात मराठवाड्यात तापमान ४०° से. च्या वर जाते. तापलेली खडी व पाणी यांमुळे काँक्रीट लवकर आवळते. मग कामगार वाहनाच्या पिंपात वरून पाणी ओततात व मोजलेले गुणोत्तर निरर्थक ठरते. खडीवर सावली करणे, पाण्याच्या टाक्या झाकणे, बर्फ वापरणे व रात्री काम करणे हे योग्य उपाय होत. साधारणपणे भरणीपासून दोन तासांच्या आत काँक्रीट उतरविले जावे, असा दंडक आहे. त्यावरून संयंत्राचे स्थान ठरते.

जागा व परिरक्षण : जिल्ह्यातील काळी कापसाची जमीन पाण्याने फुगते व वाळल्यावर भेगाळते. भरलेल्या सायलोचा पाया अशा मातीवर न ठेवता खालच्या मुरुमापर्यंत किंवा बेसाल्ट खडकापर्यंत न्यावा लागतो. पाया असमान खचल्यास सायलो कलण्याचा धोका संभवतो व काट्यांचे वाचनही बिघडते. काट्यांचे शून्य रोज तपासतात आणि ठरावीक काळाने प्रमाणित वजने ठेवून त्यांची परीक्षा करतात. काट्याखाली खडा अडकला किंवा सिमेंट साचून घट्ट झाले, तरी वजन चुकीचे येते. मिश्रकाची पाती झिजली की ती व अस्तर यांमधील फट वाढते, त्यात खडी अडकते व मिश्रण असमान होते; म्हणून ही फट वेळोवेळी पुन्हा जुळवितात. पाळी संपताच मिश्रक धुतला नाही, तर काँक्रीट आत घट्ट होऊन पुढे ते छिन्नीने फोडावे लागते.

सुरक्षितता : ही फोडणी हेच संयंत्रातील सर्वांत धोक्याचे काम होय. मिश्रकात माणूस असताना दुसऱ्याने यंत्र सुरू केल्यास बचावास वेळ मिळत नाही. केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. मुख्य विद्युत् पुरवठा खंडित करून तेथे कुलूप लावावे, त्याची किल्ली आत उतरणाऱ्यानेच जवळ बाळगावी व बाहेर एक सावध माणूस उभा असावा. उचल-डोलाखाली जाण्यापूर्वी तो खिळीने अडकवितात. वाहक पट्ट्याच्या कप्प्यांवर जाळ्या व कडेने थांबवणीची दोरी असते. टँकरमधून हवेच्या दाबाने सिमेंट भरताना सायलोवरील गाळणी तुंबली, तर आत दाब साचून छत फाटू शकते. म्हणून गाळणी व सुरक्षा झडप दोन्ही तपासतात. सायलोतील सिमेंट वरून घट्ट दिसले, तरी खाली पोकळी असू शकते, त्यामुळे त्यावर उतरणे प्राणघातक ठरते. ओले सिमेंट तीव्र क्षारीय असून त्वचा व डोळे भाजते. हातमोजे, बूट व चष्मा आवश्यक असतात. धुण्याचे पाणी कयाधूसारख्या नदीत किंवा ओढ्यात न सोडता निवळण-टाक्यांत साठवून, गाळ बसल्यावर शक्य तेथे पुन्हा वापरतात.