भिंतीवरचं चित्र आणि कपाटातला कागद

२००८ मध्ये कॅनबेरातल्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने चोल काळातला एक कांस्य नटराज न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला. चोरबाजारातला, अंधारातला हा व्यवहार नव्हता. क्युरेटरची शिफारस झाली, तज्ज्ञांचे अभिप्राय आले. वकिलाचाही सल्ला घेतला गेला. पुढे हा सल्ला उघड झाला तेव्हा दिसलं की वकिलाने आपलं काम केलं होतं. मूर्ती भारतातून कायदेशीर मार्गाने बाहेर पडल्याचा पुरावा विक्रेत्याने दिलेला नाही, असं त्याने खरेदीआधीच बजावलं होतं. गॅलरीने मूर्ती तरीही घेतली.

कागद मात्र होते, आणि दिसायला नीटनेटके होते. त्यांच्यानुसार सुदानच्या एका मुत्सद्द्याने दिल्लीत राहत असताना ही मूर्ती घेतली आणि १९७१ च्या सुमारास ती भारताबाहेर गेली. ही तारीख उगाच निवडलेली नव्हती. पुरावशेष बाहेर नेण्यावर कडक बंदी घालणारा आपला कायदा १९७२ चा. चोरीच्या मूर्तीसोबत येणाऱ्या कागदांत ती ‘त्याआधीच’ देशाबाहेर गेल्याचं हटकून लिहिलेलं असतं. या नटराजाच्या बाबतीत घोटाळा असा झाला, की पुदुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटच्या संग्रहात १९९४ मध्ये तमिळनाडूतल्या श्रीपुरंतन गावच्या देवळात काढलेला एक फोटो होता आणि त्यात हाच नटराज उभा होता. कागदावर परदेशी जाऊन तेवीस वर्षं झालेला देव स्वतःच्या गाभाऱ्यात! २०११ मध्ये कपूरला जर्मनीत अटक झाली, २०१२ मध्ये त्याला भारतात आणलं गेलं, २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने मूर्ती परत केली आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने कपूरला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. गॅलरी पैसे वसूल करायला न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली, तेव्हा पुन्हा वकील लागलेच.

कलेच्या व्यवहारात वकील केव्हा बोलवायचा, हे या प्रकरणाइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही. आपल्याकडे वकिलाची आठवण येते ती भांडण दारात आल्यावर. संग्राहक, गॅलरी किंवा संग्रहालय यांच्या वकिलाचं खरं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं असतं. ही वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, दोन मालकांमध्ये वर्षांची फट का आहे, पावतीवरची सही कोणाची, ज्या पत्त्याचं पत्र दाखवलं जातंय तिथे तो माणूस त्या वर्षी खरोखर राहत होता का, असे प्रश्न विचारत बसायचं. वस्तूच्या या पूर्वेतिहासाला धंद्यात प्रोव्हेनन्स म्हणतात. १९३० च्या आपल्या मालविक्री कायद्याचं मूळ तत्त्व सरळ आहे: विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराकडून पूर्ण किंमत मोजून घेतलं तरी मालकी मिळत नाही. काही अपवाद आहेत, पण ते चोरीच्या मालाला वाचवत नाहीत.

याच तत्त्वावर लंडनमध्ये एक विलक्षण खटला चालला होता. तंजावर भागातल्या पत्तूर गावात १९७६ मध्ये खणताना जमिनीखालून नटराज निघाला. हातोहात विकला जात तो लंडनला पोचला. तिथे १९८२ मध्ये कॅनडातल्या बंपर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या तेल कंपनीने तो घेतला, अर्थात खोट्या पूर्वेतिहासासकट. ब्रिटिश म्युझियममध्ये डागडुजीसाठी असताना पोलिसांनी मूर्ती ताब्यात घेतली. कंपनीने पोलिसांवरच दावा लावला आणि समोर दावेदार उभे राहिले: भारत सरकार, तमिळनाडू सरकार, आणि पत्तूरचं विश्वनाथस्वामी मंदिर स्वतः. हे मंदिर तेव्हा जवळजवळ ढिगारा होतं. मूर्ती त्याच देवळाची हे ठरवायला तिच्यावरची माती तपासली गेली, वाळवीच्या खुणा तपासल्या गेल्या, तिथेच सापडलेल्या इतर मूर्तींशी घडणीची तुलना झाली.

इंग्लंडच्या कायद्यात दगडविटांचं देऊळ फिर्यादी होऊ शकत नाही. आपल्याला मात्र यात नवल वाटत नाही. देवस्थान इनामाच्या सातबारावर देवाचंच नाव असतं, आणि मूर्तीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तिमत्त्व आहे हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या मल्लिक खटल्यात मान्य करून ठेवलं होतं. १९९१ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने ठरवलं, की भारतीय कायद्याने ज्याला व्यक्ती मानलं आहे त्याला इंग्लंडमध्येही दावा लावता येईल. नटराज त्याच वर्षी परत आला. कंपनीने सद्भावनेने खरेदी केली असेल-नसेल. मूर्तीही गेली आणि पैसेही गेले.

आता स्वच्छ कागदांचं उदाहरण. पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे १९५४ मधलं चित्र नॉर्वेत स्थायिक झालेल्या एका डॉक्टरने त्याच काळात दिल्लीत विकत घेतलं. त्याने ते ऑस्लोच्या रुग्णालयाला दिलं आणि ते दशकानुदशकं तिथेच राहिलं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात त्याला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले. त्या किमतीत हुसेन आहेतच, पण चित्रकार ते डॉक्टर ते रुग्णालय अशी कुठेही न तुटलेली साखळीही आहे. याउलट बाजारात नकली चित्रांचा सुळसुळाट इतका, की २००९ मध्ये सय्यद हैदर रझा दिल्लीतल्या एका गॅलरीत स्वतःच्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीतच, असं त्यांनी सांगितलं. चित्रकार हयात होता म्हणून कळलं. गेलेल्या चित्रकाराच्या बाबतीत साक्ष द्यायला उरतात ते कागदच.

कागद खरे निघाले तरी भारतात चित्र घेणाऱ्याला पुरी मालकी मिळते असं नाही. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, किंवा पंच्याहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित, म्हणजे पुरावशेष; ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि ठरावीक प्रकारचे पुरावशेष नोंदवावे लागतात. शंभरी न भरलेल्या कामांसाठी ‘कलानिधी’ हा वेगळा वर्ग आहे. हयात कलावंताचं काम त्यात घालता येत नाही. आजवर नऊ जणांची कामं त्यात आहेत: रवींद्रनाथ, गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे तीन ठाकूर, राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, शैलोज मुखर्जी आणि निकोलस रोरिक. हा शेवटचा रशियन, पण कुलूच्या डोंगरात राहिलेला.

याचा बाजारावरचा परिणाम मोठा मजेशीर आहे. शेरगिलचं जे चित्र भारतात आहे ते भारतातच विकावं लागतं; गिऱ्हाईक जगभरचं असलं तरी चित्र सीमा ओलांडत नाही. २०२३ मध्ये शेरगिलच्या ‘द स्टोरी टेलर’ला सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६१.८ कोटी मिळाले ते याच बंधनासकट. पण तिचंच जे चित्र आधीपासून युरोपात आहे ते तिथे मोकळं आहे. लंडनच्या किंवा न्यू जर्सीच्या एखाद्या मराठी कुटुंबाकडे असं चित्र असेल आणि ते हौसेने पुण्याच्या घरी आणायचा विचार असेल, तर विमानात चढवण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं. आत आलेलं चित्र पुन्हा बाहेर काढणं फार कठीण.

चोरी रोखायला कायदा हवा यात वाद नाही. मात्र माझं मत असं, की या कायद्याने चोरांना जेवढं अडवलं त्याहून प्रामाणिक वारसांना जास्त घाबरवलं. आजोबांच्या पेटीतली पितळी मूर्ती शंभर वर्षांची आहे की साठ, हे विचारायला पुरातत्त्व खात्याकडे जायचं तर लोकांना वाटतं, तीच जप्त होईल. म्हणून वस्तू पेटीतच राहते, नोंद होत नाही, आणि उद्या चोरीला गेली तर आपली म्हणून सांगायला कागद नसतो. शंभर वर्षांखालची वस्तू असेल तर ‘पुरावशेष नाही’ असा दाखला मिळतो, आणि नोंदणीने मालकी जात नाही, एवढं सांगणारं कोणी हवं.

सरकार स्वतः विक्रेता झालं तेव्हाही देशाबाहेर न नेण्याचं बंधन त्याच्या मागे आलं. मार्च २०१९ मध्ये आयकर खात्यासाठी हिरेव्यापारी नीरव मोदीच्या संग्रहाचा लिलाव मुंबईत झाला. त्यात वासुदेव गायतोंड्यांच्या १९७३ मधल्या चित्राला २५ कोटींवर आणि रविवर्म्याच्या १८८१ मधल्या त्रावणकोर दरबाराच्या चित्राला १६ कोटींवर किंमत आली. गायतोंडे देशाबाहेर जाऊ शकत होते, रविवर्मा नाही. आयकराचंही एक कलम इथेच सांगून टाकतो, कारण ते अनेकांच्या डोक्यातच नसतं: घरातलं फर्निचर विकलं तर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही, पण चित्रं, शिल्पं आणि इतर कलाकृती २००७ च्या दुरुस्तीने ‘वैयक्तिक वापराच्या वस्तूं’मधून वगळल्या आहेत. दिवाणखान्यातलं चित्र विकलं की कर आहे.

आता मालकीची दुसरी मर्यादा, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांना १९५७ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी कांस्य भित्तिशिल्पाचं काम मिळालं. १४० फूट रुंद, ४० फूट उंच असं ते काम १९६२ मध्ये पुरं झालं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते उतरवलं गेलं आणि तुकडे गोदामात पडले. सेहगल पत्रं लिहीत राहिले. अखेर १९९२ मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. सरकारचं म्हणणं कोणत्याही घरमालकाने म्हणावं तसं होतं: आम्ही पैसे दिले, वस्तू आमची, ठेवू नाहीतर काढू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम मात्र कलावंताला असा हक्क देतं जो विक्रीनंतरही त्याच्याकडेच राहतो. त्याच्या कामाची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लावता येत नाही. २००५ मध्ये न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग यांनी निकाल दिला: शिल्पाचे उरलेले भाग सेहगलांना परत करा आणि पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्या. दावा लागल्यापासून तेरा वर्षं गेली होती. सेहगल पुढे तीन वर्षंही जगले नाहीत.

या निकालाने कलावंत सुरक्षित झाला असं समजायचं कारण नाही. २०१७ मध्ये प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स पाडलं गेलं. त्याचे वास्तुविशारद राज रेवाल त्याच ५७ व्या कलमावर न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये हरले. इमारत समूळ गेली तर तिची विटंबना कोण पाहणार, म्हणजे नावाला धक्का कसा लागेल, असा त्या निकालाचा रोख. शेजारी ठेवून पाहिलं तर दोन निकालांचा अर्थ असा निघतो, की अर्धवट तोडणं धोक्याचं, पूर्ण तोडणं सुरक्षित. इमारत आणि शिल्प यांत फरक आहे हे मान्य. तरी हे तर्कट मला पटलेलं नाही. म्हणूनच आज भिंतीवरच्या मोठ्या कामाचा करार करताना जाणता वकील जागा बदलली तर, इमारत विकली तर, काम काढावं लागलं तर कलावंताला किती दिवस आधी कळवायचं आणि ते परत घ्यायचा पहिला हक्क कोणाचा, हे आधीच लिहून घेतो. कॉपीराइटचंही तसंच. चित्र विकत घेणाऱ्याला त्याचं कॅलेंडर छापायचा हक्क मिळत नाही; तो लेखी घ्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची मानतो.

मुंबईच्या कस्टम्सने अलीकडे आणखी एक धडा दिला. साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझांची रेखाटनं आणि अकबर पदमसींची काही कामं ब्रिटनमधल्या लिलावांत घेऊन एका मुंबईकराच्या कंपनीने इथे आणली. २०२३ मध्ये कस्टम्सने ती अश्लील म्हणून अडवली. पुढे जप्तीचा आदेश आणि पन्नास हजारांचा दंड. आधार होता तो १९६४ च्या अधिसूचनेचा. गंमत अशी, की याच पदमसींवर १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या ‘लव्हर्स’ चित्रांवरून अश्लीलतेचा खटला भरला गेला होता आणि ते निर्दोष सुटले होते. सत्तर वर्षांनी त्याच शहरात तोच प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली. नग्नता आणि अश्लीलता एकच नव्हेत हे न्यायालयाने सांगितलं आणि तज्ज्ञांची प्रमाणपत्रं अधिकाऱ्यांनी बाजूला सारल्याबद्दल त्यांना फटकारलं. ती प्रमाणपत्रं फाइलमध्ये होती, हे या खटल्यात मोलाचं ठरलं.

एक हक्क मात्र असा आहे ज्याचा कागद तीस वर्षं झाली तरी कोणी फारसा उघडत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ५३-अ हे कलम आलं. मूळ चित्र, रेखाटन, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर त्या रकमेत दहा टक्क्यांपर्यंत वाटा कलावंताला किंवा त्याच्या वारसांना मिळू शकतो. उमेदीच्या काळात शे-दोनशे रुपयांत चित्रं दिलेल्या पिढीसाठी हे कलम होतं. त्याच पिढीची चित्रं आज कोटींना जातात, आणि या कलमाखाली वाटा मागितल्याचं क्वचितच ऐकू येतं. वाटा मागायचा तर कोणी, कोणाला, केवढ्याला विकलं हे माहीत हवं. लिलावघर किंमत जाहीर करतं, नावं नाही. आणि खासगी विक्रीत किंमतही बाहेर येत नाही.