नोकरी सांभाळून परीक्षा

शाळा सुटली, नोकरी लागली, म्हणजे पुस्तकाशीं असलेला संबंध संपला, अशी समजूत एके काळीं सर्वत्र होती. बँकेच्या नोकरींत तरी ती आतां टिकण्यासारखी नाहीं. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील हिमायतनगर हें नांदेड जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव घ्या. वाढोणा हें त्याचें जुनें नांव अद्याप लोकांच्या तोंडीं आहे. समजा, येथील एखाद्या शाखेंत एक तरुण नुकताच रुजू झाला आहे. दिवसभर त्याच्यापुढें सातबारा, कर्जाचे अर्ज आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन. संध्याकाळीं रोकड जुळवून तो घरीं जातो, तों तेथें परीक्षेचीं पुस्तकें वाट पाहत असतात. कापूस व सोयाबीन यांच्यावर जगणाऱ्या या मुलुखांत अनेक घरीं असा मुलगा किंवा अशी सून आज दिसेल. दोहोंचा मेळ कसा घालावा, हा त्या घराचा खरा प्रश्न आहे.

ही परंपरा नवी नव्हे. सोराबजी पोचखानवाला हे मुंबईच्या एका बँकेंत साधे कारकून होते. नोकरी करीत असतांच त्यांनीं लंडनच्या बँकर्स संस्थेची परीक्षा उत्तीर्ण केली, आणि पुढें १९११ सालीं सेंट्रल बँक ऑफ इंडिया स्थापन केली. परीक्षेसाठीं लंडनकडे पाहण्याची ही गरज १९२८ सालीं कमी झाली. त्या वर्षीं मुंबईस भारतीय बँकर्स संस्था निघाली. तीच आज इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या नांवानें ओळखली जाते. मराठवाड्याच्या खेड्यांत बँक पोंचली ती मात्र बरीच उशिरां. १९७६ सालीं नांदेड येथें मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली, आणि गांवोगांवच्या मुलांना बँकेच्या नोकरीची व तिच्याबरोबर येणाऱ्या परीक्षांची वाट मोकळी झाली.

या संस्थेच्या दोन परीक्षा मुख्य आहेत. पहिली जे.ए.आय.आय.बी. होय. हिचे विषय चार: अर्थव्यवस्था, बँकव्यवहार, हिशेब, आणि किरकोळ बँकिंग. ती उत्तीर्ण झाल्यावांचून दुसरी, म्हणजे सी.ए.आय.आय.बी., देतां येत नाहीं. दुसरींत चार विषय सक्तीचे व एक ऐच्छिक असतो. सहकारी संस्थांत काम करणारांसाठीं राज्य शासनाच्या सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका निराळी. तिचे विषय सहा. तरुण मनाला वाटतें, तिन्ही एकाच वर्षीं उरकाव्या. येथेंच पुष्कळांची गाडी रुतते. दोन डगरींवर हात ठेवणारा मध्यें पडतो. हिशेबाचा पाया पहिल्या परीक्षेंत पक्का झाला, म्हणजे पुढच्या दोहोंचें ओझें आपोआप हलकें होतें. म्हणून एका वेळीं एकच परीक्षा, आणि तीही क्रमानें, हा पहिला नियम समजावा.

सनदी लेखापालाची परीक्षा मात्र या पंक्तींत बसत नाहीं. १९४९ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या संस्थेची ती परीक्षा असून, २०२३ च्या नव्या योजनेप्रमाणें तिच्यासाठीं दोन वर्षें लेखापालाच्या हाताखालीं पूर्ण वेळ उमेदवारी करावी लागते. बँकेची खुर्ची न सोडतां ती करतां येईल, या आशेवर वर्षें घालवूं नयेत.

दुसरा नियम वेळेच्या निवडीचा. अलीकडच्या वर्षांत पहिली परीक्षा एकदां मे महिन्यांत व एकदां ऑक्टोबर–नोव्हेंबरच्या सुमारास होते. पुण्या-मुंबईच्या उमेदवाराला दोन्ही हंगाम सारखेच. हिमायतनगरच्या शाखेला ते सारखे नाहींत. मार्चअखेर वसुली व ताळेबंद. लागलीच खरिपाच्या पीककर्जासाठीं दाराशीं रांग. त्या धांवपळींत मे महिन्याची परीक्षा म्हणजे उभ्या पिकांत नांगर घालणें होय. मृगाची पेरणी आटोपून जुलैच्या मध्यास कर्जवाटपाचा जोर ओसरला, कीं अभ्यासाला बसावें. तेथून सोळा आठवड्यांत नोव्हेंबर उजाडतो.

या सोळा आठवड्यांचा हिशेब मांडून पाहावा. सोमवार ते शनिवार पहाटे सव्वा तास धरला तर आठवड्याचे साडेसात तास होतात. रविवारचे तीन मिळवले कीं साडेदहा, आणि सोळा आठवड्यांचे १६८. चार विषयांना वांटले तर प्रत्येकीं ४२ तास येतात. नियमितपणें वापरल्यास हे थोडे नाहींत. रात्रीचा अभ्यास टाळावा. दिवसभर नोटा मोजून थकलेला डोळा ओळी वाचतो, अर्थ वाचीत नाहीं. शिवाय अर्धवट झोपेनें दुसऱ्या दिवशीं रोकडींत तूट आली, तर ती खिशांतून भरावी लागते.

प्रश्नपत्रिका शंभर प्रश्नांची व वेळ दोन तासांची, म्हणजे एका प्रश्नास ७२ सेकंद मिळतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहींत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडूं नये. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयांत ५० गुण लागतात. अथवा एकाच वेळीं सर्व विषयांत किमान ४५ व एकंदरींत ५० टक्के मिळाले तरी चालतें. एखादा विषय राहिला तर उत्तीर्ण झालेले विषय ठराविक मुदतीपर्यंत जमेस राहतात. मुदत टळली कीं सारें पुन्हां पहिल्यापासून. नापास होण्यापेक्षां या चालढकलीचेंच भय अधिक.

तिसरा नियम असा, कीं कचेरींतील काम हेंच पाठ्यपुस्तक समजावें. सी.ए.आय.आय.बी.च्या ऐच्छिक विषयांत ग्रामीण बँकिंग हा एक आहे. किसान क्रेडिट कार्डाचें नूतनीकरण जो रोज हातानें करतो, त्याला त्यांतलीं प्रकरणें पाठ करावीं लागत नाहींत. मात्र गिऱ्हाईक समोर उभें असतां खणांत पुस्तक उघडून बसणें हा अभ्यास नव्हे. ती कामचुकारी होय.

घरच्या माणसांनींही आपला वांटा उचलला पाहिजे. चार महिने लग्नकार्यांची हजेरी थोडी कमी झाली, तर तो मानापमानाचा विषय करूं नये. नोकरी करणाऱ्या सुनेला तर पहाटेचा सव्वा तास तेव्हांच मिळेल, जेव्हां चूल दुसरें कोणी पेटवील.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यानें वेतनांत वाढ होते, बढतीचा मार्ग सुकर होतो, हें खरें. परंतु तिचा खरा लाभ खिडकीच्या दुसऱ्या बाजूस उभ्या असलेल्या माणसाला आहे. पीककर्ज मुदतींत फेडलें तर व्याजांत सवलत मिळते. मुदत चुकली तर ती हातची जाते. हें ज्याला नीट उमगलें आहे, तो कर्मचारी मुदतीपूर्वींच शेतकऱ्याला बोलावून सांगेल; ज्याला उमगलें नाहीं, तो मागाहून नियमाचा कागद दाखवील. पहाटेच्या त्या सव्वा तासाचें मोल शेवटीं या फरकांत आहे.