हयातीतली रांग

मे महिना. सकाळचे साडेदहा, आणि तहसील कचेरीच्या आवारातली फरशी आत्ताच चपलेतून भाजते. लिंबाखाली पत्र्याची शेड आहे. शेडमध्ये दस्तलेखकांची टेबलं, टेबलांवर लॅपटॉप, खाली धुळीनं भरलेले प्रिंटर. झेरॉक्सच्या टपरीपुढे माणसं दाटीनं उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात पिशवी. कुणाची कापडी, कुणाची साडीच्या दुकानाची. पिशवीतून निघतात रेशनकार्ड, आधारकार्ड, सातबारा, घरपट्टीची पावती. आणि बहुतेक पिशव्यांतून निघतो एक मृत्यूचा दाखला, घामानं भिजू नये म्हणून लॅमिनेट केलेला.

मुद्रांक विक्रेत्याच्या खिडकीत पुन्हा पुन्हा एकच प्रश्न ऐकू येतो. "कशासाठी?"

"वारसाचं प्रतिज्ञापत्र."

"वारसाचंच."

"हक्कसोड."

पंचाहत्तरीच्या पुढचे एक आबा खिडकीपाशी येतात. धोतर, टोपी, काखेत छत्री. सोबत भाचा. "मृत्युपत्र करायचंय. चांगला मोठा स्टॅम्प द्या."

"आबा, मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साध्या कागदावर होतं. हातानं लिहिलं तरी चालतं."

आबा भाच्याकडे बघतात. एवढं मोठं काम साध्या कागदावर होतं, हे त्यांना पटत नाही. दस्तलेखक खुर्ची पुढे ओढतो. कप भरून पाणी देतो आणि विचारायला लागतो. काय काय आहे? दोन एकर रान, गावातलं घर, पतसंस्थेत ठेव. रान कुणी घेतलेलं? एक एकर आबांच्या कमाईचं, एक बापाकडून आलेलं.

"मग दोन्हीचं वेगळं लिहू. कमाईचं सगळं तुमच्या मर्जीनं देता येईल. वडिलोपार्जितमधला फक्त तुमचा हिस्सा."

शेजारी नंबर लावून बसलेले एक मुस्लिम चाचा वाकून विचारतात, आमच्यात कसं? "वारसाबाहेरच्या माणसाला एक तृतीयांशापर्यंत लिहून देता येतं, चाचा. त्याच्या वर गेलं की वारसांची संमती लागते." चाचा मान हलवतात आणि पुन्हा भिंतीला टेकतात.

आबांचा आवाज खाली येतो. "धाकट्या लेकीला द्यायचंय. म्हातारीच्या दुखण्यात तिनंच उचललं-ठेवलं. पोरं वाईट न्हाईत. पण तिचं कुठं नावच न्हाई." थोडा वेळ जातो. "नोंद केली तर पोरांना कळंल का?"

या शेडमध्ये हा प्रश्न हमखास येतो. माणसं मरणाच्या भीतीनं मृत्युपत्र टाळतात, असं म्हटलं जातं. इथं थोडा वेळ उभं राहिलं की दुसरीच भीती दिसते. घरात कळलं तर उद्यापासून ताट कोण वाढणार?

दस्तलेखक हातातलं काम थांबवतो. "आबा, खरेदीखताची नोंद पहिल्या पुस्तकात होते, ते कुणालाही बघता येतं. मृत्युपत्र जातं तिसऱ्या पुस्तकात. तुम्ही हयात आहात तोवर त्याची नक्कल तुम्हाला मिळेल, नाहीतर तुमच्या मुखत्याराला. दुसऱ्या कुणाला नाही." १९०८ च्या नोंदणी कायद्यातच ही सोय आहे. शंभर वर्षांहून जुनी, आणि आबांसारख्या किती जणांपर्यंत ती पोचलेलीच नाही. आबांचे खांदे सैल पडतात.

"आणि मन बदललं तर?"

"नवं करा. शेवटचं केलेलं खरं धरतात."

नोंदणी सक्तीची नाही, हेही तो सांगतो. सक्तीचे आहेत ते दोन साक्षीदार. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आबांनी सही किंवा अंगठा केलेला त्यांनी बघितलेला हवा, आणि आबांच्या समोर त्यांनी सह्या करायला हव्यात. "ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. आणि तुमच्या वयाचा नको. पुढं साक्ष द्यायला माणूस असायला पाहिजे." भाचा फोन लावतो. डॉक्टरचा दाखला ते कालच घेऊन आले आहेत: शुद्धीत आहेत, समजून-उमजून बोलतात.

जिना चढून वर गेलं की दुय्यम निबंधकाचं कार्यालय. बाकं भरलेली. पंखे फिरतात, वारा लागत नाही. भिंतीवरच्या पडद्यावर टोकन क्रमांक थांबलेला आहे. "लिंक गेली," कुणीतरी सांगतं, आणि सगळी बाकं एकदम सैलावतात.

खिडकीजवळ तीन बहिणी बसल्या आहेत. काठापदराच्या साड्या, तिघींच्या हातात सारख्या पर्स. भाऊ खालून चहा आणि वडापाव घेऊन येतो, आधी थोरलीला देतो. वडील जाऊन वर्ष होतंय. आज हक्कसोड आहे. लिंक येते. एकेकीचा फोटो, एकेकीचा अंगठा यंत्रावर. मधली उठता उठता ऑपरेटरला विचारते, "यात घराचं पण आलं का हो?" तो म्हणतो, दस्तात सगळं लिहिलंय ताई. भाऊ मान खाली घालून बशीतला चहा पितो. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मानं आहे. या खोलीत कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही. घराचा हा प्रश्न वडील असताना, वडिलांसमोर विचारायचा होता. तो आज परक्या माणसाला विचारावा लागतो आहे.

आबांचं टोकन येतं. निबंधक स्वतः विचारतात, कुणाच्या दबावाखाली करताय का? "न्हाई साहेब. माझ्या राजीखुशीनं." अंगठा दोनदा उमटत नाही. बोटांच्या रेघा कुदळीनं पुसल्या आहेत. भाचा रुमालानं बोट कोरडं करतो, तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागतो. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी नाममात्र. साडेदहाला आलेले आबा दीडच्या सुमाराला कठडा धरून जिना उतरतात. सकाळपासून या कार्यालयात झालेलं ते एकुलतं एक मृत्युपत्र. अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर कारण देऊन निबंधकांना घरीही बोलावता येतं.

रस्ता ओलांडला की दिवाणी न्यायालय. व्हरांड्यात उन्हाचा पट्टा भिंतीकडे सरकत चाललाय आणि माणसं त्याच्यापासून सरकत सरकत दाटीनं उभी आहेत. बेलिफ पुकारा करतो. नाव मयताचं, धावत जातात ते त्याचे वारस.

मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या आठव्या विनियमाखाली वारस दाखला अजूनही इथूनच मिळतो. अर्ज करायचा, जाहीर नोटीस काढायची, हरकतींसाठी महिनाभर थांबायचं. हरकत आली नाही तर पुढची तारीख. आली तर तो दावाच होऊन बसतो, आणि मग कुणी महिन्यांत बोलत नाही. एका घरातल्या एका भावाचा मुलगा परदेशात आहे. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीतून यायचंय. त्यासाठी चौघं जण इथं तारीख घेऊन चालले आहेत.

पायरीवर साठीच्या एक बाई वकिलांशी बोलताहेत. थोरली बहीण गेली. शिक्षिका होती, निवृत्त. नवरा आधीच गेलेला, मूल नाही. फ्लॅट तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेला. शेवटची वर्षं या बाईंनीच तिच्याजवळ राहून काढली.

"तिनं कुठं लिहून ठेवलंय?"

"बोलली होती. सगळ्यांसमोर बोलली होती. फ्लॅट तुझाच म्हणून."

वकील चष्मा काढतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पती आणि मूलबाळ नसलेल्या स्त्रीची स्वतःची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते. म्हणजे दिराच्या मुलांकडे, जी तिला भेटायला कधी आलीही नसतील. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर. बहिणीचा त्याच्याही नंतर. माहेरून वारशानं आलेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. बाई ऐकून घेतात. मग पुन्हा सांगतात, "पण ती बोलली होती." एका साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर ते लिहिलेलं असतं तर आज त्या या पायरीवर नसत्या. हे त्यांना कुणी सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

बँकेत गारवा आहे. टोकन घेऊन लोक बसलेत, काही जण नुसते गारव्याला. दाव्यांच्या टेबलापाशी सासू आणि सून शेजारी शेजारी. सुनेच्या मांडीवर चार-पाच वर्षांची मुलगी, हातात नवऱ्याचा फोन. फोन उघडत नाही. तो उघडायचा क्रमांक तिला माहीत नाही. त्यात नवऱ्याचं ईमेल, म्युच्युअल फंडाचं खातं, विम्याच्या हप्त्यांचे संदेश. तो अडतीस वर्षांचा होता. अडतिसाव्या वर्षी कोण लिहून ठेवतं?

खातं लग्नाआधीचं. नॉमिनी आई. अधिकारी समजावून सांगतात की बँक पैसे नॉमिनीच्या हातात देईल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. ते पैसे वारसांचे. आणि वारस म्हणजे आई, बायको, मुलगी. तिघींचा सारखा हिस्सा.

"मला काय करायचंय," सासू म्हणतात. "सगळं हिचं न् पोरीचं." त्या मनापासून म्हणतात. पण हे आज म्हणताहेत. उद्या त्या काही न लिहिता गेल्या तर त्यांचा तिसरा हिस्सा त्यांच्या इतर मुलांतही वाटला जाईल, आणि तेव्हा या टेबलापाशी बसलेली माणसं वेगळी असतील.

नॉमिनी बदलायचा अर्ज एका पानाचा असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. तो अर्ज काउंटरवरच्या खणात पडून आहे, फुकट. आणि दहा वर्षांहून जास्त काळ कुणी न मागितलेल्या बँक ठेवी देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या निधीत जातात, तिथं मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपये साठले होते. ते सगळे मयतांचे नाहीत. पण त्यातली कितीतरी पासबुकं घरातल्या कुणाला माहीतच नसणार.

तीन वाजता गावची चावडी. पाटीवर ग्राम महसूल अधिकारी असं लिहिलंय, माणसं अजून तलाठी म्हणतात. आत कपाटं, फेरफारांची बाडं, कोपऱ्यात रांजण. टेबलावर एक सातबारा उलगडलेला. वरचं नाव जाऊन चाळीस वर्षं झाली. खाली ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून एका मुलाचं नाव, तोही नाही. इतर हक्कात तीन बहिणी, त्यातली एकच आहे. २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम झाली, मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला. तेव्हा हे घर पुढं आलं नव्हतं. आता आलंय, कारण नाव नाही म्हणून पीक कर्ज नाही, किसान योजनेचा हप्ता नाही.

अधिकारी कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतात. वरती आजोबा. खाली पाच रेघा. प्रत्येक रेघेखाली पुन्हा चार, तीन, सहा. कागद संपतो. दुसरा कागद डिंकानं जोडतात.

"थोरल्या आत्याची मुलं?"

"दोघं मुंबईला. एक वारला."

"त्याची बायको? मुलं? नावं पाहिजेत, वयं पाहिजेत, पत्ते पाहिजेत."

कुणी फोन लावतं. कुणी बाहेर जाऊन म्हातारीला विचारून येतं. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे, आणि कागदावरची नावं तीसच्या पुढं गेलीत. काहींच्या वाट्याला गुंठाभरही येणार नाही, पण सही प्रत्येकाची लागेल, पुढं कधी विकायचं झालं किंवा विहीर पाडायची झाली तर. नोटीस निघेल, पंधरा दिवस हरकतीची मुदत, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतील. त्याआधी सगळ्यांचे दाखले. सगळ्यांचे म्हणजे सगळ्या मयतांचेही.

दारातल्या बाकावर त्या घरातले सगळ्यात थोरले अण्णा बसलेत. सत्तरीचे. रेघांची ती चळत ते बराच वेळ बघत असतात.

"साहेब, एकदा माझं नाव लागू द्या. मग मी बी माझं लिहून ठेवतो. पोरांना हे नको."

अधिकारी मान वर करतात. "नाव लागायची वाट कशाला बघता, अण्णा? फेरफार ही महसुलाची नोंद आहे. वारसाहक्कानं तुमच्याकडे आलेला हिस्सा आजही तुमचाच आहे. त्याचं मृत्युपत्र आजही करता येतं. साक्षीदार दोन बघा, डॉक्टरचा दाखला घ्या."

अण्णा उठतात. धोतराचा सोगा झटकतात आणि पुतण्याला विचारतात, तालुक्याची गाडी किती वाजता.

"साडेचारची आहे. पण पोचेपर्यंत ऑफिस बंद होईल."

"मग सकाळची पहिली. आणि शेजारच्या गुरुजींना सांगून ये, उद्या माझ्याबरोबर यायचंय म्हणून."