मनगटातील बोगदा आणि बधिर होणारी बोटे

हाताला मुंग्या येणे ही तक्रार इतकी परिचयाची आहे की तिची सहसा कोणी दखल घेत नाही. हात अंगाखाली आला असेल, वात असेल, अशी समजूत करून घेऊन तेल चोळले जाते आणि दिवस पुढे ढकलले जातात. परंतु मुंग्या वारंवार मध्यरात्रीच येत असतील, झोपेतून उठवून बसवीत असतील आणि हात झटकल्यावर ओसरत असतील, तर त्यामागे एक निश्चित विकार असण्याचा संभव मोठा असतो. वैद्यकशास्त्रात त्यास ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ असे म्हणतात. नाव बोजड असले तरी विकाराचे मूळ समजण्यास मुळीच अवघड नाही.

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस आठ लहान हाडांची मिळून एक पन्हळ बनलेली असते. त्या पन्हळीवर एक जाड व चिवट अस्थिबंध छपरासारखा ताणलेला असतो. अशा रीतीने तयार झालेल्या या चिंचोळ्या बोगद्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू हातात उतरतात. हाडे हलत नाहीत, छप्पर ताणले जात नाही. त्यामुळे आत थोडी जरी सूज आली तरी दाब वाढतो, आणि या दहा जणांत सर्वांत नाजूक असलेला मज्जातंतू आधी चेपला जातो. १९८१ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक गेल्बरमन व त्यांचे सहकारी यांनी हा दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी मनगटात तो पाऱ्याच्या सुमारे २.५ मिलिमीटर इतका, तर रुग्णांच्या मनगटात ३२ मिलिमीटर इतका भरला. मनगट पुढे वा मागे पूर्ण वाकविले असता रुग्णांमध्ये तो ९० च्याही वर गेला. झोपेत मनगट नकळत दुमडले जाते; रात्रीच त्रास का वाढतो, याचा बराचसा उलगडा येथे होतो.

हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांना स्पर्शज्ञान पुरवितो. करंगळी त्याच्या अखत्यारीत येत नाही. म्हणून करंगळी शाबूत आणि बाकीची बोटे बधिर, ही या विकाराची जणू स्वाक्षरीच होय. रुग्णास मात्र अनेकदा सारा हातच बधिर झाल्यासारखा वाटतो. एक-दोन रात्री त्याने कोणत्या बोटांना मुंग्या येतात हे नीट पाहिले आणि डॉक्टरांना सांगितले, तर निदानाचे निम्मे काम तेथेच होते. बॉस्टनचे डॉक्टर जेम्स पुटनम यांनी १८८० मध्ये रात्री हात बधिर होणाऱ्या ३७ रुग्णांचे वर्णन केले होते. कारण मात्र त्यांच्या हाती लागले नाही. मनगटात चेपलेला मज्जातंतू मारी आणि फ्वा या फ्रेंच डॉक्टरांनी १९१३ मध्ये शवविच्छेदनात दाखवून दिला.

पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो, विशेषतः चाळिशीनंतर. गरोदरपणात अंगावर येणाऱ्या सुजेमुळेही तो उद्भवतो, आणि बहुधा बाळंतपणानंतर आपोआप शमतो. मधुमेह, थायरॉइड ग्रंथीचे मंद काम, सांध्यांचा आमवात, स्थूलता, मनगटाचे जुने अस्थिभंग ही कारणे तपासून घ्यावी लागतात. कामाचा प्रश्न थोडा बारकाईने पाहिला पाहिजे. दगड फोडण्याची थरथरणारी यंत्रे चालविणे, हाताने अनेक गुरांचे दूध काढणे, जोर देऊन दिवसभर मूठ आवळणे अशा कामांचा संबंध सिद्ध झालेला आहे. कचेरीतील टंकलेखनावर किंवा संगणकावर मात्र जेवढा ठपका ठेवला जातो, तेवढा पुरावा त्याविरुद्ध मिळालेला नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हाताला येणारी प्रत्येक बधिरता मनगटातून येत नाही. मानेच्या मणक्यात मज्जातंतू दबला असता मान वळविताना कळ खांद्यापासून खाली उतरते. त्वचेवर संवेदना नसलेला चट्टा असेल, करंगळी बधिर असेल किंवा कोपराजवळचा मज्जातंतू जाड लागत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी विनासंकोच करून घ्यावी. त्यावरील बहुऔषधी उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. एकाएकी एका अंगाचे बळ गेले, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो अर्धांगवायू समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

निदानाची एक साधी चाचणी अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज फेलन यांच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही मनगटे पूर्ण वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर ठेवल्यास रुग्णास मुंग्या येतात. शंका राहिल्यास मोठ्या रुग्णालयात विद्युत्‌यंत्राने मज्जातंतूचा वेग मोजता येतो.

उपचारांचा आरंभ स्वस्त आहे. मनगट सरळ राहील अशी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, रात्री झोपताना सहा आठवडे तरी बांधावी. ती मनगटाला मागे वाकविणारी किंवा करकचून आवळणारी नसावी, नाहीतर उपायच अपाय ठरतो. वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग थोडाच, आणि ताकदीची म्हणून घेतल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा, शरीरात त्यांची कमतरता नसेल तर, त्याहून थोडा. डॉक्टरांनी बोगद्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने कित्येक आठवडे वा महिने आराम पडतो. मधुमेहींनी त्यानंतर काही दिवस रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे.

खरा धोका विलंबाचा आहे. दाब वर्षानुवर्षे राहिला की मुंग्या उलट कमी होतात आणि रुग्णास बरे वाटू लागते. पण ते बरे वाटणे फसवे असते. बोटांची जाणीव गेल्यामुळे गरम भांड्याचा चटका समजत नाही, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खोलगट होतो, सदऱ्याची गुंडी लावणे किंवा सुईत दोरा ओवणे जमत नाही. हे घडण्यापूर्वीच शस्त्रक्रिया व्हावयास हवी. ‘मनगट कापले तर हात निकामी होईल’ ही भीती खेड्यापाड्यांतून फार ऐकू येते, आणि ती निराधार आहे. केवळ हात बधिर करून, थोड्या वेळात, छपराचा तो अस्थिबंध तेवढा छेदला जातो. कंडरांना वा मज्जातंतूला हात लावला जात नाही, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

रात्रीच्या वेदना बहुधा काही दिवसांतच थांबतात. बधिरता जाण्यास महिने लागतात, आणि पूर्ण वाळलेला स्नायू क्वचितच पूर्वपदावर येतो. बोटांची हालचाल पहिल्या दिवसापासून करावी. टाके सुमारे दोन आठवड्यांनी काढले जातात. भरलेली कळशी उचलणे, पाट्यावर वाटणे, कुदळ चालविणे ही कामे मात्र दीड-दोन महिने घरातील इतरांनी वाटून घ्यावीत. तळव्याच्या बुडाशी दाबल्यास दुखणे तोवर राहते. ते जखम भरत असल्याचे चिन्ह असते.