मोटारीच्या रंगाची झळाळी आणि पॅडची निवड

गडद रंगाची मोटार नवी असताना आरशासारखी चमकते. दोन पावसाळे उलटले, की तीच गाडी उन्हात उभी केल्यावर बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. प्रत्यक्षात हे ओरखडे सर्व दिशांना गेलेले असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती ते वर्तुळाकार भासतात इतकेच. सावलीत ते लपतात, त्यामुळे मालकाच्या लक्षात यायला वेळ लागतो. त्यांचे मूळ अपघातात क्वचितच असते. बहुतेक वेळा ते रोजच्या पुसण्यात असते. गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये पहाटे एका बादलीत, एकाच फडक्याने आठ-दहा गाड्या पुसल्या जातात. फडक्यात अडकलेले धुळीचे कण रंगावर फिरतात आणि खुणा ठेवून जातात. यात दोष पुसणाऱ्याला देण्यात अर्थ नाही. तेवढ्या पाण्यात आणि तेवढ्या मोबदल्यात याहून वेगळे काही होणे कठीणच.

हे ओरखडे काढण्याच्या कामाला ‘पेंट करेक्शन’ म्हणतात. पुण्या-मुंबईतच नव्हे, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही आता अशी ‘डिटेलिंग’ केंद्रे दिसतात. तेथे जाणारा ग्राहक कंपाउंड कोणत्या कंपनीचे, कोटिंग किती वर्षे टिकणार, हे आवर्जून विचारतो. यंत्राला कोणते पॅड लावणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक रंगाचा किती भाग कायमचा निघून जाणार, हे मोठ्या प्रमाणात त्या पॅडवरच अवलंबून असते.

पॉलिशिंगमध्ये ओरखडा भरला जात नाही. ओरखड्याच्या तळाला समपातळी येईपर्यंत भोवतालचा पृष्ठभाग झिजवला जातो. आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर सर्वांत खाली गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, मग रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ हा पारदर्शक थर असतो. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातील क्लिअर कोट बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. ऊन, पाऊस आणि पक्ष्यांची विष्ठा यांच्याशी सामना करण्याचे काम याच थराकडे असते. अतिनील किरण शोषणारी द्रव्येही त्यातच मिसळलेली असतात. हा थर पुन्हा वाढत नाही. प्रत्येक पॉलिशिंगमध्ये त्यातला थोडा भाग खर्च होतो आणि तो किती खर्च करायचा, हा निर्णय पॅड घेते.

जुन्या गाड्यांचे गणित वेगळे होते. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून कायमची बाहेर पडलेल्या ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सीच्या पिढीतील गाड्यांना स्वतंत्र क्लिअर कोट नसे. रंगाचा थर हाच शेवटचा थर. उन्हाने तो निस्तेज झाला, की गॅरेजमधला कारागीर ‘रबिंग कंपाउंड’ लावून लोकरीच्या पॅडने तो घासून काढी आणि खालचा ताजा रंग वर येई. पॅडला गाडीचा रंग लागे, तीच काम नीट चालल्याची खूण. आजही एखाद्या गाडीवर पॉलिश करताना पॅड लाल किंवा निळे झाले, तर त्या भागावर क्लिअर कोट नाही किंवा तो झिजून संपला आहे, असे समजावे. दुसऱ्या शक्यतेत काम तत्काळ थांबवणे भाग असते. जुन्या पद्धतीची सवय असलेले हात नव्या गाडीवर तेच लोकरीचे पॅड तितक्याच जोराने फिरवतात, तेव्हा हा धोका संभवतो.

लोकरीचे पॅड मुळातच वाईट असते, असा याचा अर्थ नाही. मेंढीच्या लोकरीचा प्रत्येक तंतू रंगावर घासला जातो, त्यामुळे त्याची झिजवण्याची गती सर्वांत जास्त असते. शिवाय पृष्ठभाग फोमच्या तुलनेत कमी तापतो. खोल ओरखडे असलेल्या कठीण रंगावर अनुभवी कारागीर ते योग्य तऱ्हेने वापरतो. मात्र त्याच्यामागून धूसरपणा आणि उन्हात हलणाऱ्या सावल्यांसारखे पट्टे राहतात. कारागीर त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. ते घालवण्यासाठी मऊ पॅडचा दुसरा हात द्यावाच लागतो. काळ्या गाडीवर लोकर वापरून काम तेथेच थांबवले, तर आधीचे जाळे परवडले असे म्हणण्याची पाळी येते.

मायक्रोफायबर पॅड लोकर आणि फोम यांच्या मधले. फोमच्या चकतीवर आखूड, दाट तंतू बसवलेले असतात. दुहेरी गतीच्या यंत्रावर ते झपाट्याने काम करते. पण तंतू लवकर चिकटून बसतात. त्यामुळे प्रत्येक भागानंतर ब्रशने किंवा हवेच्या झोताने ते मोकळे करावे लागतात. मऊ रंगावर तेही धूसरपणा सोडते.

सर्वाधिक वापर फोमच्या पॅडचा होतो. पॉलियुरेथेनचा हा फोम जितका ताठ, तितका तो पॉलिशमधील कणांना रंगावर जोराने दाबतो. मऊ फोम तोच दाब स्वतः पचवतो. त्यामुळे एकच पॉलिश ताठ पॅडवर ओरखडे काढते आणि मऊ पॅडवर केवळ तकाकी आणते. येथे नवख्या ग्राहकाची हमखास फसगत होते ती पॅडच्या रंगावरून. रंगांचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. ‘लेक कंट्री’च्या प्रचलित मालिकेत पिवळे पॅड झिजवण्याच्या कामाचे, ‘रुपेस’कडे तेच पिवळे पॅड शेवटच्या नाजूक हातासाठी. ‘रुपेस’चे निळे पॅड खरखरीत, तर ‘थ्रीएम’चे निळे अतिशय मऊ. इंटरनेटवर ‘पिवळे घ्या’ असा सल्ला वाचून भलत्याच कंपनीचे पॅड आणणाऱ्याची काय गत होईल, हे सांगायला नको. रंगापेक्षा वेष्टनावरील वर्णन वाचावे आणि पॅड अंगठ्याने दाबून पाहावे. फोमचा ताठपणा बोटालाही कळतो.

पॅडचे यंत्राशीही जुळावे लागते. ‘रोटरी’ यंत्र एकाच अक्षाभोवती फिरते, उष्णता वेगाने निर्माण करते आणि दाराच्या कडेवर क्षणभर रेंगाळले तरी रंग जाळू शकते. दुहेरी गतीचे यंत्र फिरता फिरता हेलकावतेही, म्हणून ते अधिक सुरक्षित. मायक्रोफायबर पॅड याच यंत्रासाठी असते. जाड, लुसलुशीत पॅड या यंत्राचा हेलकावा गिळून टाकते. त्यासाठी पातळ पॅड बरे. पॅडचा व्यास मागच्या तबकडीपेक्षा किंचित मोठा हवा, नाहीतर तबकडीची कडा रंगाला लागते. बॉनेट आणि छतासाठी साधारण पाच ते सहा इंची, तर खांब, आरसे आणि बंपरच्या वळणांसाठी तीन इंची पॅड सोयीचे. बंपरबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. प्लास्टिक पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही. त्यामुळे तेथील रंग लवकर तापतो आणि हात लवकर उचलावा लागतो.

मग निवड करायची कशी? जपानी गाड्यांचा रंग मऊ आणि जर्मन गाड्यांचा कठीण, असा एक ठोकताळा या व्यवसायात आहे, पण त्यावर विसंबून चालत नाही. त्यातच एखादे दार डेंटिंग-पेंटिंगमधून जाऊन आलेले असेल, तर एकाच गाडीवर दोन स्वभावांचे रंग असतात. जाणकार कारागीर म्हणूनच बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन चिकटपट्टीने आखतो आणि तेथे सर्वांत मऊ पॅड व सर्वांत सौम्य पॉलिशपासून सुरुवात करतो. चार-पाच फेऱ्यांत समाधानकारक फरक पडला, तर सगळी गाडी त्याच जोडीने करायची. न पडल्यास आधी पॉलिश तेच ठेवून एक पायरी ताठ पॅड घ्यायचे आणि तरीही भागले नाही तरच कंपाउंडकडे वळायचे. प्रत्येक वेळी तो चौकोन अल्कोहोलमिश्रित पाण्याने पुसून मगच पाहायचा. पॉलिशमधील तेले ओरखड्यांत बसून ते तात्पुरते झाकतात. दुकानात निर्मळ दिसलेली गाडी तीन-चार धुण्यांनंतर पुन्हा जाळेदार दिसते, त्याचे कारण बहुधा हेच.

काही ओरखडे मात्र कोणत्याच पॅडच्या आवाक्यातले नसतात. मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे ज्या अक्कलकुवा तालुक्यात आहेत, तेथील सातपुड्याच्या अरुंद वाटांवर काटेरी फांद्या गाडीच्या दोन्ही अंगांना घासतात. कोकणातल्या करवंदीच्या जाळ्यांतूनही गाडी अशीच खरचटून येते. अशा चऱ्यावरून नख फिरवावे. नख अडकत नसेल तर तो पॉलिशने निघण्याची शक्यता असते. अडकत असेल तर चरा क्लिअर कोटमध्ये खोलवर गेलेला असतो आणि तो पुसून टाकण्याच्या हट्टात भोवतालचा थर धोकादायक इतका पातळ होतो. कडा बोथट करून त्याची नजरेतली धार कमी करणे आणि उरलेला तसाच सोडणे, हेच शहाणपणाचे.

पॅड किती लागतात, यावरूनही केंद्राची पारख होते. एका पॅडवर संपूर्ण गाडी करणे म्हणजे निघालेल्या रंगाच्या चुऱ्याने पुन्हा तोच रंग घासणे. भरलेले पॅड तापते, मागचे ‘वेल्क्रो’ सुटू लागते आणि फोम मधोमध बसतो. मध्यम आकाराच्या गाडीला झिजवण्यासाठी चार-पाच आणि शेवटच्या हातासाठी दोन-तीन स्वच्छ पॅड हाताशी असावीत. जमिनीवर पडलेले पॅड धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नये, कारण वाळूचा एक कणही पुरेसा असतो. सौम्य साबणाने धुऊन पॅड सावलीत वाळवावे. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस ओलसर राहते, तेव्हा जादा संच असलेला बरा.

काम सोपवण्यापूर्वी थराची जाडी मोजून घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. छोट्या यंत्राने पत्र्यावरील सर्व थरांची एकत्रित जाडी काही सेकंदांत कळते. क्लिअर कोट वेगळा किती, हे साधे यंत्र सांगत नाही आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते चालतही नाही. तरीही दाराचा आतला, कधीच न घासलेला भाग आणि बाहेरचा भाग यांतील आकड्यांची तुलना बरेच काही सांगून जाते. जुन्या मोटारींच्या बाजारातही आता हे यंत्र वापरले जाते. आकडा फार मोठा आला तर खाली पुट्टी आहे किंवा गाडी पुन्हा रंगवली आहे, हे खरेदीदार ओळखतो. आकडा शेजारच्या भागापेक्षा बराच कमी आला, तर तेथे कोणीतरी ताठ पॅड गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवले आहे, असा तर्क करून तो किंमत पाडून मागतो.