तुम्ही कोण?

पुणे-सातारा रस्त्यावर शिवरे गाव आहे. शिवऱ्याचा एखादा गडी भोरच्या बाजारात गेला. तिथे कुणी विचारले, "पाव्हणं, कुठलं तुम्ही?" तर तो सांगेल, "आम्ही शिवऱ्याचे." तोच गडी मुंबईला गेला, तर म्हणेल, "आम्ही भोरकडचे." दिल्लीला गेला, तर म्हणेल, "आम्ही मराठी." आणि परमुलखात गेला, तर म्हणेल, "मी भारतीय."

माणूस एकच, उत्तरे चार. यात खोटे एकही नाही. पण कोणते उत्तर कुठे द्यायचे, हे कळले पाहिजे.

आता आपण लिहाय-वाचायला शिकलो. मुलाच्या शाळेचा अर्ज आपणच भरणार. त्यात 'राष्ट्रीयत्व' असा रकाना असतो. कुणी तिथे 'मराठा' लिहितो, कुणी 'हिंदू'. दोन्ही चूक. राष्ट्रीयत्व म्हणजे आपण कोणत्या देशाचे नागरिक ते. तिथे 'भारतीय' लिहावे. 'मातृभाषा' या रकान्यात 'मराठी' लिहावे. जात आणि धर्म यांचे रकाने वेगळे असतात.

'हिंदू' हा शब्द पाहा. तो सिंधू नदीच्या नावावरून आला. जुने इराणी लोक 'स'चा उच्चार 'ह' असा करीत. सिंधूचे झाले हिंदू. आधी ते नदीचे आणि मुलखाचे नाव होते. आज ते धर्माचे नाव आहे. शब्द तोच, अर्थ बदलला.

'मराठा' या शब्दाचेही तसेच आहे. आज दाखल्यावर 'मराठा' लिहिले, म्हणजे ती जात. पण इतिहासात १७६१ साली पानिपतावर मराठे लढले असे म्हणतो, तेव्हा महाराष्ट्राची सगळी फौज ध्यानात घ्यायची. त्या फौजेचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता. आणि राष्ट्रगीतात 'मराठा' हा शब्द येतो, तो तर सबंध महाराष्ट्रासाठी. 'मराठी' हा शब्द मात्र भाषेचा. ज्याच्या घरात मराठी बोलतात तो मराठी, मग त्याची जात, धर्म काही असो.

आणि 'मावळा'? भोर-वेल्ह्याचा मुलूख म्हणजे मावळ. गुंजण मावळ, हिरडस मावळ ही नावे आपल्या कानावरची. इथल्या खोऱ्यांत राहणारा तो मावळा. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांत नाना जातींची माणसे होती. मावळा ही जात नव्हे.

आता 'भारतीय' हा शब्द. १९४८ पर्यंत भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. आपले आजे-पणजे संस्थानची रयत. मग संस्थान भारतात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली. रयत गेली, नागरिक आला. आपल्या देशात राज्ये पुष्कळ, पण नागरिकत्व एकच. बिहारचा माणूस शिवऱ्याला राहू शकतो, शिवऱ्याचा माणूस बिहारात. घटनेने तसा हक्क दिला आहे.

कागदावर शब्द चुकला तर खोडता येतो. तोंडून गेलेला शब्द खोडता येत नाही.

आपल्या भागातली माणसे पोटासाठी मुंबईला गेली. हमाली केली, गिरणीत राबली. त्यांना लोक 'घाटी' म्हणत. घाटावरचा तो घाटी, एवढाच मूळ अर्थ. पण म्हणणारा नाक मुरडून म्हणे. ते बोल मनाला लागत. आज आपल्या रस्त्याला परप्रांतातला कामकरी येतो. आपण त्याला 'ए भय्या' म्हणून हाकारतो. भय्या म्हणजे भाऊ. शब्द गोड, पण सूर कसा आहे? दक्षिणेकडच्या सगळ्यांना आपण 'मद्रासी' म्हणतो. त्यांत कुणी तमिळ, कुणी तेलुगू, कुणी मल्याळी. मद्रास राज्याचे नाव १९६९ मध्येच तामिळनाडू झाले. आपल्याला कुणी गुजराती म्हटले, तर चालेल का?

काही नावांनी तर पिढ्याच्या पिढ्या भरडल्या. इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला. त्याखाली पुढे पारधी आणि इतर कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. पोर पाळण्यात, आणि कपाळी चोराचा शिक्का! तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण गावात चोरी झाली की अजून काही जण आधी पारध्याकडे बोट दाखवतात. कायदा गेला, जिभेवरचा शिक्का गेला नाही. तो आपणच पुसायचा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवणे हा १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या भीतीनेच का सुधारायचे?

तेव्हा एक साधी गोष्ट करावी. नवा माणूस भेटला की त्यालाच पुसावे, "दादा, तुमचं नाव काय? गाव कुठलं?" तो सांगेल त्या नावाने त्याला हाक मारावी. आपल्यालाही तसेच आवडते, नाही का?