घरात भाषा तीन, काळजी भलत्याच गोष्टीची

आई साताऱ्याची, वडील मदुराईचे, संसार पुण्यात. पाळणाघरातल्या मावशी हिंदी बोलतात आणि पुढे नर्सरी इंग्रजीच. हिंजवडी-खराडीकडे अशी घरं आता नवलाची राहिलेली नाहीत. मूल दीड वर्षाचं झालं तरी फारसं बोलत नाही असं दिसलं, की सल्ले सुरू होतात: "एवढ्या भाषा कानावर पडल्यावर पोरगं गोंधळणारच. आधी एक पक्की होऊ द्या." मग घरातून जी भाषा हद्दपार होते ती बहुधा एका आजीची असते. इंग्रजी थांबवा, असं मात्र कोणी सुचवत नाही.

आधी गोंधळाचं पाहू. मूल आईला "तण्णी दे" म्हणतं, म्हणजे तमिळ-मराठीची सरमिसळ करतं, हे खरं. पण तेच मूल मदुराईच्या पाट्टीशी बोलताना तमिळ जास्त वापरतं आणि साताऱ्याच्या आजीशी मराठी. कोणाला काय कळतं याचा अंदाज मुलांना दोन वर्षांच्या आसपासच येऊ लागतो. पाण्यासाठी जो शब्द आधी सुचला, तो त्यानं वापरला, इतकंच. "मीटिंगला लेट होतंय, गाडी पार्क करून येतो" असं दिवसभर बोलणाऱ्या मोठ्यांनी याची तक्रार करावी, हे गमतीचंच.

शिवाय बहुभाषक घर हे आयटी पार्कबरोबर आलेलं खूळ नाही. सांगलीजवळच्या कुपवाडवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये लिहिलेला निबंध भाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यानपिढ्या शेजारी नांदल्या. वाक्यांची घडण एकमेकींच्या इतकी जवळ आली, की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. तरी कोणती भाषा कुठे बोलायची याबद्दल गावकऱ्यांच्या मनात घोळ नव्हता.

उशिरा बोलण्याचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे गैरसमजाची किंमत मोजावी लागते. मुलाला मराठीतले पंचवीस आणि तमिळमधले वीस शब्द येत असतील, तर नुसते मराठी शब्द मोजणाऱ्याला ते मागे वाटणार. मायामीतल्या इंग्रजी-स्पॅनिश मुलांवरच्या 1993 च्या अभ्यासात दोन्ही भाषांचे शब्द एकत्र धरले, तेव्हा ती एकभाषक मुलांपेक्षा मागे दिसली नाहीत. म्हणून मोजायचं तर सगळं मोजा. पण दोन वर्षं पूर्ण झाली आणि कोणत्याही भाषेत दोन शब्द जोडून बोलणं सुरू नाही, किंवा हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, तर भाषांवर खापर फोडून थांबू नये. आधी कान तपासावेत, मग वाचा-भाषा तज्ज्ञांकडे जावं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. "घरात तीन भाषा आहेत ना, बोलेल हळूहळू" या दिलाशात श्रवणदोष लपून राहू शकतो.

बुद्धीबद्दल दोन्ही टोकांचे दावे ऐकू येतात. द्विभाषक मुलं मठ्ठ ठरतात, असा निष्कर्ष वेल्समधल्या 1923 च्या एका अभ्यासानं काढला होता. मुलांच्या सामाजिक परिस्थितीतला फरक त्यात पुरेसा धरलाच नव्हता. 1962 मध्ये मॉन्ट्रियलला पील आणि लँबर्ट यांनी ती काळजी घेतली, तर चित्र उलटं निघालं. ओडिशातल्या कोंध मुलांमध्ये अजित मोहंती यांनाही कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं सरस आढळली. मात्र "दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो" हा जाहिरातबाजांचा आवडता दावा आज संशोधकांमध्येच वादाचा आहे. तेवढ्यासाठी भाषा शिकवायला जाऊ नये.

आणि "मुलं टीपकागदासारखी असतात, आपोआप शिकतात" हा तर सगळ्यांत गोड गैरसमज. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन ऐकवली. समोर माणूस बसून खेळला-बोलला, तेव्हा बाळांनी त्या भाषेतले ध्वनी ओळखले. तेच चित्रफितीतून दाखवलं, तेव्हा काहीच हाती लागलं नाही. तेव्हा तमिळ कार्टून लावून दिलं की झालं, असं होत नाही.

"प्रत्येक पालकानं आपापलीच भाषा बोलावी" हा नियम फ्रेंच भाषातज्ज्ञ रोंजा यांनी आपल्या मुलावर पाळला आणि 1913 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अनेक पालक अजून तो मंत्रासारखा जपतात. पण आनिक द हाउवर यांनी बेल्जियममधल्या फ्लँडर्समध्ये सुमारे 1,900 कुटुंबं पाहिली. एक पालक घरची वेगळी भाषा आणि दुसरा बाहेरची डच बोलत असे, अशा घरांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यात मुलं ती वेगळी भाषा बोलतच नव्हती. दोघंही पालक घरात तीच भाषा बोलत, तिथे ती जवळजवळ हमखास टिकली. पुण्यातल्या या घरात ही टांगती तलवार तमिळवर आहे. न्यू जर्सीत ती मराठीवर असते. नवरा-बायको एकमेकांशी इंग्रजीत बोलत असतील, तर पुण्यात मराठीवरसुद्धा.

म्हणून साताऱ्याच्या सुनबाईंनी चार तमिळ वाक्यं शिकून जेवणाच्या टेबलावर ती बोलणं, हे नियमाच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी. वडील रात्री नऊला घरी येत असतील तर पाट्टीला व्हिडिओ कॉल लावावा. समोरून उत्तर येतं, त्यामुळे तो कार्टूनपेक्षा फार वेगळा. आणि मे महिन्यात मदुराईला जावं. तिथल्या चुलत भावंडांना मराठी येत नाही, हा तर मोठाच फायदा.